कपाळाची राख, कढईची राख

“...म्हणजे धुनीची राख आता खरकट्याला लावायची?”

वैजनाथाने विचारलं आणि हातातलं पत्र्याचं घमेलं बाबांच्या पुढ्यात आदळलं. घमेल्यातली राख उडाली ती बाबांच्या दाढीत जाऊन बसली. दाढी मुळातच पांढरी, त्यामुळे काही फरक पडला नाही.

खापरनाथबाबा मठाच्या पायरीवर बसून रिठे फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“खरकट्याला नाही,” ते म्हणाले. “कढईला.”

“मग कढईला काय लागलंय?”

“खरकटं.”

वैजनाथाच्या मागे गावातली केराबाई उभी होती. मुद्देमालासकट चोर धरून आणावा तसं त्याने तिला धुनीपासून इथवर आणलं होतं. चोराच्या चेहऱ्यावर मात्र चोरीची रेघसुद्धा नव्हती. होती ती घाई. उद्या पौर्णिमेचा भंडारा. सगळं गाव जेवायला टेकडी चढून वर येणार, आणि मठाची मोठी कढई तळाशी काळीठिक्कर.

कढईही काही साधीसुधी नव्हती. पितळेची, आतून कल्हई केलेली, आणि अशी ऐसपैस की एका भंडाऱ्याला पाटलांची म्हैस पाणी प्यायला म्हणून तिच्यात उतरली ती दोर लावून बाहेर काढावी लागली. पुढे कितीतरी दिवस त्या म्हशीच्या धारेला तुपाचा वास येत होता, असं पाटील स्वतः सांगत. पाटलांना खोटं बोलायची सवय होती, पण म्हशीबाबत नाही.

“बाबा, तुम्ही या बायांना काय शिकवून ठेवलंत बघा,” वैजनाथ म्हणाला. “धुनीत हात घालून राख काढत होत्या ह्या. चिमटीनं नाही. उलथण्यानं.”

“खाली विस्तव असतो गं केरा,” बाबा म्हणाले. “जपून काढत जा.”

वैजनाथाच्या कानातल्या मुद्रा तापल्या. राग आला की त्या तापतच. थंडीच्या दिवसांत मठातलं मांजर त्याला मुद्दाम चिडवायचं आणि खांद्यावर जाऊन बसायचं, ते काही उगीच नाही.

“ही राख कशाची आहे, ठाऊक आहे तुम्हाला?” त्याने केराबाईला विचारलं.

“बाभळीची,” केराबाई म्हणाली. “आमच्याच बांधावरची मोळी आणून टाकली हुती की परवा.”

“दादागुरूंनी, बाबांच्या गुरूंनी, पेटवलेली धुनी आहे ही. त्यांच्यामागे एकदाही विझलेली नाही. हिची चिमूटभर राख कपाळाला लागली की पोराचा ताप उतरतो.”

“पोराचा ताप कशानं उतरतो, त्ये मला न्हाई सांगता यायचं, बुवा. पर तव्याची काजळी उतरती. त्येवढं मी ह्या डोळ्यानं बघितलंय.”

बाबांनी एक रिठा फोडला. बी एकीकडे टाकली, साल एकीकडे.

...

खरं तर सगळं बाबांनीच सुरू केलं होतं, आणि वैजनाथाचा संताप होता तो त्यावरच.

शिवरात्रीला गावातल्या बाया दर्शनाला आल्या होत्या. एकीने पदर पसरून म्हटलं, बाबा, महागाईवर काही अंगारा द्या. दुकानातल्या पावडरी, वड्या, बाटल्या घेता घेता जीव मेटाकुटीला आलाय.

दुसरा कुणी साधू असता तर त्याने मंत्र दिला असता. बाबांनी डबाभर राख दिली.

जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून घ्या, म्हणाले. रिठ्याची सालं वाळवून कुटा आणि तिच्यात मिसळा, भांडी निघतील. नुसती राख पाण्यात कालवून ठेवा, वरचं निवळलेलं पाणी बुळबुळीत होईल, त्यात धुणं भिजवा. पिळलेल्या लिंबाच्या फोडी फेकू नका, मीठ लावून समई घासा. बस. हाच उपदेश. बायांनी तो ऐकला आणि, उपदेशाच्या बाबतीत सहसा घडत नाही ते घडलं, घरी जाऊन तसं केलं.

तेव्हापासून जांभळी गावात भलतंच सुरू झालं. दुपारी अंगणात भांडी उपडी घातली की त्यांच्या लखलखाटाने वरून जाणाऱ्या घारी वाट चुकायच्या. ओढ्यावर वाळत घातलेल्या धोतरांशेजारी बसायला बगळे लाजू लागले. आणि बाया डबे घेऊन टेकडी चढू लागल्या.

“दर्शनाला येतात का घासणीला, हेच कळेनासं झालंय,” वैजनाथ म्हणाला. “मी कपाळाला लावायला वाटी पुढे करतो, तर या डबा पुढे करतात. एका तान्ह्या पोराच्या आईनं तर मला विचारलं, चाळलेली आहे का म्हणून.”

“होती का?” बाबांनी विचारलं.

वैजनाथाने कपाळावरचा पट्टा चाचपला.

राखेचं त्याला एवढं का लागावं, हे गावात कुणाला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं.

मठात येण्याआधी वैजनाथ तालुक्याच्या स्टँडसमोरच्या एका खानावळीत मोरीशी बसून ताटं घासायचा. सकाळी राख, दुपारी राख, संध्याकाळी राख. बोटांच्या पेरांना भेगा, नखांत काळं. खानावळीच्या मालकाला दोनच शब्द यायचे. गिऱ्हाइकाला ‘बसा’ आणि वैजूला ‘घास’. एके दिवशी खरकट्या ताटांची चळत तशीच टाकून तो उठला आणि ही टेकडी चढला. बाबांनी काही विचारलं नाही. धुनीतली चिमूटभर राख त्याच्या कपाळाला लावली.

पुढे तो कपाळाला राख लावून गावात उतरला तेव्हा लोक वाकले.

ज्या राखेनं आयुष्यभर हात सोलवटले तीच कपाळावर चढली, आणि वैजूचा वैजनाथबुवा झाला. त्या दिवसापासून त्याने राख पुन्हा कुठल्या भांड्याला लावली नाही. कपाळाला मात्र अशी थापली, पट्ट्यावर पट्टा, थरावर थर, की एका पावसाळ्यात तिथे हिरवळ दिसू लागली. गवत उगवलं होतं असं लोक म्हणतात, ते खोटं. नुसतं शेवाळ होतं.

आणि आता तीच राख बाया पुन्हा मोरीत नेत होत्या. आपलंच कपाळ कुणी उचलून मोरीत नेऊन ठेवतंय, असं त्याला वाटे. डोळ्यांत पाणी यायचं. ते पुसलं तर राख जाईल म्हणून तो पुसायचाही नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “या पौर्णिमेपासून अंगारा लावायला तुम्ही बसणार नाही म्हणालात. कोण बसणार, ते म्हणाला नाहीत.”

“नाही म्हणालो.”

“आज सांगा.”

“तुला काय हवं?”

“राखेचा मान.”

“आणखी?”

“राख कपाळालाच लागेल. डबा घेऊन कुणी वर यायचं नाही. ना केराबाई, ना आणखी कुणी.”

“आणि कढई?”

वैजनाथाने कढईकडे पाहिलं. कढईनेही काळ्या तळाने त्याच्याकडे पाहिलं.

“कढई मी लख्ख करून देतो. राखेचा कणही न लावता.”

“दिवस मावळायच्या आत?”

“आत.”

“बरं,” बाबा म्हणाले. “झाली तर राख तुझी.”

नाही झाली तर काय, हे वैजनाथाने विचारलं नाही. रागातला माणूस करार निम्माच ऐकतो.

...

आधी त्याने घमेल्यातली राख धुनीशेजारच्या राखेच्या ढिगावर ओतली, कुणी हात लावू नये म्हणून वर आपली भगवी छाटी टाकली आणि चिमटा रोवला. मग तो मठात शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या ओच्यात लिंबं होती. काही ताटातली, काही थेट त्रिशूळावरची.

“ती देवाची न्हवं का, बुवा?” केराबाईने विचारलं.

“देवाला वाहून झाली. उतरवलेली आहेत.”

“मग राख बी उतरलेलीच की. लाकडावरनं.”

वैजनाथाने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. भज्यांसाठी आणलेला सोडा त्याने कोठीतून उचलला. पायरीवरची रिठ्याची सालं उचलली. बाबा नुसते सरकून बसले. सालं त्याने गरम पाण्यात घुसळली, कढईत ओतली, त्यावर सगळा सोडा रिकामा केला, आणि सगळी लिंबं एकामागून एक पिळली.

त्याचं गणित सरळ होतं. लिंबू चांगलं, सोडा चांगला, रिठा चांगला. तिन्ही एकत्र म्हणजे तिप्पट चांगलं. हात लावायलाच नको.

फस्स झालं.

कढई उकळल्यासारखी उसळली. फेस काठापर्यंत आला, काठावरून खाली आला, अंगणात पसरला आणि पायऱ्या उतरू लागला. मठाचा काळा कुत्रा काय आहे म्हणून बघायला त्यात शिरला तो पलीकडून पांढरा बाहेर पडला. आठ दिवस गावातली कुत्री त्याला परगावचा समजून भुंकत होती. खाली शेतात माणसं कामं टाकून टेकडीकडे बघू लागली. कुणी म्हणालं, बुवांना समाधी लागली. कुणी म्हणालं, चूल लागली.

वैजनाथ हाताची घडी घालून उभा राहिला. दोन्ही हात कोरडे.

“बघा,” तो केराबाईला म्हणाला. “राख लागली का कुठं? याला म्हणतात शुद्धी. ही घरोघरी सांगा. हवी तर कृती सांगतो मी. पण माझ्या गुरूंच्या धुनीला हात लावाल तर याद राखा.”

केराबाई फेसाकडे बघत राहिली. फेस खरोखरच बघण्यासारखा होता.

बाबा उठून आले. कढईभोवती एक फेरी मारली.

“छान फेस आहे,” ते म्हणाले.

“हात लावावा लागला नाही, बाबा.”

“दिसतंय.”

बाबा थांबले. वैजनाथही थांबला. फुगे एकेक करून फुटू लागले...

“फेस बघितला,” बाबा म्हणाले. “आता कढई दाखव.”

फेस बसला. खाली गढूळ, कोमट पाणी राहिलं. वैजनाथाने कढई कलती करून ते ओतून दिलं.

तळ काळाच होता. आता तो ओला काळा होता, एवढंच.

“लिंबानं सोडा खाल्ला,” बाबा म्हणाले. “सोड्यानं लिंबू खाल्लं. कढईच्या वाट्याला कोण आलं?”

आणि ते परत पायरीवर जाऊन बसले.

...

मग वैजनाथाने हात घातला.

नारळाच्या काथ्याने घासलं. नखांनी खरवडलं. गवताच्या पेंढीने रगडलं. तळाला लागलेला काळा थर दगडासारखा घट्ट. त्याने अंगणातली वीट उचलली तशी केराबाई पुढे झाली.

“विटेनं नगं, बुवा. कल्हई निघाली तर उद्याची आमटी कळकंल. सगळं गाव वकत बसंल, आन् नाव बाबांचं जाईल.”

त्याने वीट फेकून दिली. सूर्य पिंपळाच्या फांदीवर आला होता. उद्याच्या तयारीला खालच्या वाटेने माणसं वर चढताना दिसत होती. कुणाच्या डोक्यावर पाण्याची घागर, कुणाच्या पाठीवर गव्हाचं पोतं. ही माणसं येऊन हीच कढई मागणार होती.

आता वैजनाथाला सगळ्यांचाच राग आला. कढईचा, लिंबांचा, बाबांच्या गप्प बसण्याचा. केराबाईचा तर होताच.

“पण ही जाळली कुणी?” तो ओरडला. “देवाच्या कढईत एवढं करपवून ठेवलंय, त्याला काही लाज? कुणाचं लक्ष कुठं होतं?”



केराबाईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी रिठ्याकडे पाहिलं.

“मागल्या भंडाऱ्याला लापशी हुती,” केराबाई म्हणाली.

“मग?”

“ढवळायला कोण बसलं हुतं, बुवा?”

वैजनाथाचा हात थांबला.

तोच बसला होता. लापशी रटरटत होती, आणि तेवढ्यात सरपंच आले. सरपंचांना बाबांकडे थोडंच पाठवायचं. उलथणं तसंच कढईत टाकून तो वाटी घेऊन धावला होता. सरपंचांच्या कपाळाला राख लावून, राखेचा महिमा सांगत बसला होता. दादागुरू, धुनी, पोरांचे ताप, सगळं. महिमा संपला तेव्हा लापशीचा वास खालच्या वाडीपर्यंत गेला होता.

“सरपंच आले होते,” तो म्हणाला.

“व्हय. आलं हुतं,” केराबाई म्हणाली.

ती आणखी काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. ती घमेलं उचलून बाजूला उभी राहिली. रिकामं होऊन गेलेलं घमेलं.

वैजनाथ पुन्हा कढईवर वाकला. घासू लागला. रागाने घासू लागला, पण काथ्या नुसताच सरकत होता. घाम फुटला. कपाळावरच्या थरांतून घामाला वाट मिळेना, तेव्हा तो भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यावरून, पांढुरका होऊन ठिबकू लागला.

बाबा कधी शेजारी येऊन बसले ते त्याला कळलं नाही.

त्यांनी त्याच्या हातातला काथ्याचा बोळा काढून घेतला. पाण्यात बुडवला, पिळला. मग डाव्या हाताने वैजनाथाची हनुवटी धरली, लहान मुलाची धरावी तशी, आणि त्याच्या कपाळावरून बोळा एकदाच फिरवला. या कानापासून त्या कानापर्यंत.

बोळा पांढरा झाला.

 एवढा अपमान खानावळीच्या मालकानेही केला नव्हता. जमलेली माणसं बघत होती. घागरी डोक्यावर तशाच.

बाबांनी तो बोळा कढईच्या तळाशी टेकवला आणि जोर देऊन घासलं. गोल, गोल... कर्र कर्र आवाज आला. तो आवाज वैजनाथाच्या ओळखीचा होता. कैक वर्षांत ऐकला नव्हता, तरी त्याची बोटं आपोआप आखडली.

बाबांनी ओंजळभर पाणी मारलं.

काळ्या तळात रुपयाएवढी कल्हई उघडी पडली. चंद्र निघावा तशी. वैजनाथाने वाकून पाहिलं. तिच्यात एक माणूस दिसत होता. उघड्या कपाळाचा. खानावळीतून आला होता तोच, फक्त थोडा पिकलेला.

“बाबा,” त्याचा आवाज फाटला, “ते माझं कपाळ होतं.”

“हाय की अजून,” मागून केराबाई म्हणाली. “आता दिसाय लागलं, एवढंच.”

कुणीतरी पदरात हसलं. वैजनाथाने मागे वळून पाहिलं नाही. तो उठला. ढिगापाशी गेला, चिमटा उपटला, छाटी झटकून खांद्यावर टाकली. केराबाईच्या हातातलं घमेलं हिसकावून घेतलं आणि राखेत खुपसलं. भरलेलं घमेलं कढईशेजारी आणून असं आपटलं की राख पुन्हा उडाली आणि पुन्हा बाबांच्या दाढीत गेली.

“आणि राखेचा मान?” तो म्हणाला. डोळे लाल, श्वास फुललेला. “दिवस अजून मावळला नाही. मला आत्ता सांगा, इतक्या माणसांपुढं सांगा. उद्यापासून राखेचा मान कुणाचा?”



बाबांनी ओला बोळा घमेल्यात बुडवून त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

“दिला ना,” बाबा म्हणाले. “घास.”